भेट पिल्लाची, कष्ट कोणाचे?

घरात कुत्रं किंवा मांजर असणं हे रोजच्या जगण्यातलं निखळ सुख आहे, याबद्दल वाद घालण्याचं कारण नाही. लिफ्टचं दार उघडायच्या आधीच आत शेपटी जमिनीवर आपटायला लागते, गॅलरीत वाळत घातलेल्या गोधडीवर मांजर नेमकी उन्हाची पट्टी शोधून पसरतं, दिवसभर एकमेकांशी न बोललेली माणसं संध्याकाळी निदान त्याच्या खोड्यांबद्दल तरी बोलतात. हे सुख आपल्या माणसालाही मिळावं असं वाटणं स्वाभाविक आहे. त्यातूनच वाढदिवसाला, दहावीच्या निकालाला, एकट्या राहणाऱ्या आईला सोबत म्हणून पिल्लू भेट देण्याची पद्धत आपल्या शहरांत चांगलीच रुळली आहे. टोपलीला रिबीन, गळ्यात बो आणि पोरांच्या चेहऱ्यावरचा आनंद टिपायला मोबाइल तयार. प्राण्यांसाठी काम करणारी मंडळी यावर नाक मुरडतात आणि जिवंत प्राणी भेट देऊच नये असं सरसकट सांगतात. मला हा नियम ढोबळ वाटतो. भेट म्हणून आलेलं कुत्रं पंधरा वर्षं राजासारखं जगल्याची उदाहरणं प्रत्येक सोसायटीत सापडतील, आणि पैसे मोजून हौसेने आणलेलं सहा महिन्यांत गेटबाहेर गेल्याचीही. मुद्दा भेट असण्या-नसण्याचा नाहीच. त्या टोपलीबरोबर घरात जे काम येतं, ते कोणाच्या पदरात पडणार आहे आणि त्या माणसाला कोणी विचारलं आहे का, एवढाच प्रश्न आहे.

ब्रिटनमध्ये कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेचं घोषवाक्य 1978 पासून घरोघरी ठाऊक आहे. कुत्रं जन्मभरासाठी असतं, नुसतं नाताळापुरतं नव्हे, असा त्याचा आशय. त्यामागची समजूत अशी की नाताळात भेट मिळालेली पिल्लं उत्साह ओसरला की रस्त्यावर येतात. पटण्यासारखी समजूत आहे, पण आकडे तिला फारशी साथ देत नाहीत. अमेरिकेतल्या ‘एएसपीसीए’ या जुन्या प्राणिकल्याण संस्थेच्या संशोधकांनी 2013 मध्ये एक छोटी पाहणी प्रसिद्ध केली. कुत्रं किंवा मांजर भेट मिळालेल्यांपैकी 96 टक्के लोकांनी सांगितलं, की भेट असल्यामुळे आपला त्याच्यावरचा जीव वाढला किंवा त्यात काहीच फरक पडला नाही. भेट आधी ठरवून दिली होती की अचानक, यानेही चित्र बदललं नाही. त्याआधीच्या काही अमेरिकी अभ्यासांतही भेट आलेले प्राणी आश्रयगृहात सोडले जाण्याचं प्रमाण उलट कमीच आढळलं होतं. ‘भेट नकोच’ म्हणणाऱ्यांना हे निष्कर्ष सोयीचे नाहीत, म्हणून ते झाकून ठेवणं बरोबर नाही. मात्र प्रश्न कोणाला विचारला होता हेही बघायला हवं. ज्याला भेट मिळाली त्यालाच त्याच्या मायेबद्दल विचारलं होतं. त्या घरातल्या बाकीच्यांना कोणी विचारलं नव्हतं. शिवाय प्राणी सोडण्याचं कारण बहुतेकदा माया आटणं हे नसतंच. अमेरिकेतल्या आश्रयगृहांत प्राणी आणून देणाऱ्यांकडे 1990 च्या दशकात संशोधकांनी चौकशी केली, तेव्हा वारंवार पुढे आली ती कारणं अशी होती: घर बदलणं, घरमालकाची हरकत, खर्च, वेळ न पुरणं, घरात घाण करणं. ही सगळी घर चालवण्याची दुखणी आहेत. जीव लावणारा एक आणि घर चालवणारा दुसरा असेल, तर पहिल्याची माया कितीही खरी असली तरी दुसऱ्याचा धीर सुटतोच.

आपल्याकडे हा दुसरा माणूस कोण, हे सांगायला सर्वेक्षण लागू नये. तरी ते झालेलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती आणि पुरुषांची 97. जे घर स्वयंपाक, धुणं आणि आजारपण या हिशेबाने वाटून घेतं, ते पिल्लाची कामं वेगळ्या हिशेबाने वाटेल असं मानायला काही आधार नाही. भेटीच्या कार्डावर नाव असतं मुलाचं, आणि पहाटे साडेपाचला मोप हातात घेऊन उभी असते त्याची आई. कधी आजी, कधी घरकामाला येणारी बाई, जिच्या पगारात या कामासाठी एक रुपयाही वाढलेला नसतो.

हे काम नेमकं किती असतं, ते जवळून बघण्यासारखं आहे, कारण पिल्लू आणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते कधी पाहिलेलंच नसतं. दोन महिन्यांच्या पिल्लाचा लघवीवर ताबा नसतो. जागं असताना तासा-दोन तासाने, शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला जायचं असतं. नुसतं पुसून भागत नाही, कारण वास पुरता गेला नाही तर ते पुन्हा त्याच कोपऱ्यात जातं. म्हणून नजर ठेवायची, हुंगत गोल फिरायला लागलं की उचलायचं, ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचं, आणि हे आठवडेच्या आठवडे करत राहायचं. आई आणि भावंडांपासून नुकतंच तुटलेलं असल्याने पहिल्या काही रात्री ते रडतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात आणि चप्पल, चार्जरची वायर, सोफ्याचा पाय काहीही तोंडात जातं. दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यायचं. साधारण सहा ते आठ आठवड्यांचं असताना लसीकरण सुरू होतं, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, तीन महिन्यांच्या सुमाराला रेबीजची लस. मधल्या काळात जंताचं औषध, आणि लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर नेणं धोक्याचं. यातली एक लस चुकलेलं पिल्लू दुकानातून किंवा ओळखीच्या ब्रीडरकडून आलं असेल, तर पार्व्होचा विषाणू अंगात असतानाही ते आल्या दिवशी उड्या मारत असतं, कारण लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस लागतात. मग पाचव्या दिवशी उलट्या, रक्ताची हगवण, सलाईन आणि दवाखान्यातल्या फेऱ्या. तेव्हा पार्टीचे फुगे भिंतीवर असतात आणि भेट देणारा मामा आपल्या गावी परत गेलेला असतो.

बाळसं धरण्याचा हा काळ निभावला, तरी हिशेब संपत नाही. कुत्र्याचं आयुष्य साधारण दहा ते चौदा वर्षांचं, घरात सांभाळलेल्या मांजराचं त्याहूनही थोडं जास्तच. आठव्या वाढदिवसाला पिल्लू मिळालेला मुलगा अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगला पुण्याला किंवा त्याहून लांब जातो. तेव्हा कुत्रं दहा वर्षांचं, म्हणजे म्हातारं झालेलं असतं. डोळ्यांत मोतीबिंदू, मागच्या पायांत संधिवात, रात्रीतून दोनदा बाहेर न्यावं लागणं हे सगळं ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांचे स्वतःचे गुडघे एव्हाना दुखायला लागलेले असतात. मुलाला दिलेली भेट अखेरीस आई-वडिलांकडेच राहते. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पोरं उडून गेलेल्या घरात त्या म्हाताऱ्या कुत्र्यानेच दोघांना रोज चार पावलं चालायला लावलं, असंही होतं. पण सही ज्याची असते, कर्ज त्यानेच फेडायचं असतं. इथे सही एकाची आणि हप्ते दुसऱ्याचे, आणि त्या दुसऱ्याला कागद दाखवलेलाच नसतो.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की प्राणी घरात असला म्हणजे मुलांना जबाबदारी कळते. कळते, यात शंका नाही, पण ती प्राण्यामुळे आपोआप येत नाही. मोठ्यांनी ती जबाबदारी मुलाच्या वयाला झेपेल एवढी कापून हातात दिली आणि मागे उभं राहून पाहिलं, तर येते. सात वर्षांचं मूल पाण्याचं भांडं विसळून भरू शकतं, अंगावरून कंगवा फिरवू शकतं. वीस किलोचं कुत्रं दोरीला हिसडा देऊन रस्त्याकडे धावलं, तर ते सावरू शकत नाही, आणि लसीची तारीख लक्षात ठेवणं हे त्याचं काम नव्हे. मुलाने कंटाळा केला म्हणून प्राण्याचं जेवण चुकवून मुलाला धडा शिकवता येत नाही, म्हणजे शेवटी मोठ्यालाच उठावं लागतं. जबाबदारी शिकवण्यासाठी पिल्लू आणायचं ठरवलं, तर शिकवणारा आधी तयार हवा. आणि तो तयार असेल, तर विचारायला हरकत कसली?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पूर्वी वाड्यात, चाळीत, गावच्या घरी कोण कोणाला विचारत होतं? मोती दारात पडून असायचा, मनी चुलीपाशी व्यायची, गाय-म्हैस घरचीच. कोणी कुटुंबाची बैठक घेऊन ठराव केला नव्हता, तरी प्राणी जगले आणि माणसांना त्यांचा लळाही होता. हे खरं आहे. मात्र त्या घरांना दार होतं आणि दाराबाहेर अंगण होतं. प्राणी आपला आपण यायचा, आपला आपण जायचा. उरलंसुरलं खायचा, शेजारच्या चार घरांतही त्याचा राबता असायचा, म्हणजे तो एका कोणाच्या गळ्यात नव्हता. शिवाय त्या आठवणींतून एक गोष्ट गळून पडलेली असते: मनीच्या पाच पिल्लांतली तीन बोक्याने किंवा आजाराने जायची, मोतीला लस ठाऊकच नव्हती. सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याला ना अंगण मिळतं ना चार घरं. त्याचं सगळं जग म्हणजे ते कुटुंब, आणि मूत्रविसर्जनासाठीसुद्धा त्याला कोणाच्या तरी हातात दोरी द्यावी लागते. घर बदललं तेव्हा प्राणी ठेवण्याची रीतही बदलायला हवी होती, ती बदलली नाही. आठवण वाड्याची राहिली आणि प्राणी फ्लॅटमध्ये आला.

त्यात भर पडते फॅशनची. 2003 मध्ये ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे जाईल तिथे जाणारा पग दिसला आणि बघता बघता देशभर पगला मागणी आली. गोंडस दिसावं म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चेहरा चपटा करत आणलेली ही जात. कवटी आखूड झाली, पण टाळूच्या मागचा मऊ पडदा त्या मानाने आखूड झाला नाही. तो श्वासाच्या वाटेत येतो, म्हणून पग घोरतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला अंग थंड ठेवावं लागतं, आणि याला तर धापच नीट टाकता येत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात असं कुत्रं भेट देणं म्हणजे घेणाऱ्याला कूलरचं बिल आणि दवाखाना भेट देणं. हौस म्हणून आणलेल्या हस्कीचीही हीच कथा. त्यापेक्षा आपल्या रस्त्यावर जन्मलेलं देशी पिल्लू इथल्या उन्हाला सरावलेलं असतं. पण टोपलीत बो बांधून ते कोणी देत नाही, कारण त्यात ऐपत दिसत नाही.

काही भेटी मात्र संमती घेऊनही देता येणार नाहीत. पिंजऱ्यातला मिठू हा आपल्या घरांचा जुना लाडका, पण इथला कोणताही पोपट बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, आणि ‘आमच्याकडे आजोबांपासून पोपट आहे’ ही त्यातून सुटका नव्हे. वास्तुसुखासाठी दिलं जाणारं तारा कासव याच कायद्याखाली सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत येतं. बाजारात नाण्याएवढी, गालावर लाल पट्टा असलेली कासवं मिळतात ती मूळची अमेरिकेतली. ती वाढून थाळीएवढी होतात आणि कित्येक दशकं जगतात. टाकी पुरेनाशी झाली की लोक पुण्यकर्म समजून ती तळ्यात सोडतात, आणि तिथल्या देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर संक्रांत येते. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आगंतुक जीवांच्या यादीत या कासवाचं नाव आहे. मुलांच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून पिशवीतला गोल्डफिश देणं हे त्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्दय. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. तो पचवणारे जीवाणू टाकीत रुजायला काही आठवडे लागतात. फिल्टर नसलेल्या काचेच्या वाटीत ते नीट रुजत नाहीत, आणि दर रविवारी वाटी घासूनपुसून लख्ख केली की होते तेही जातात. मासा स्वतःच सोडलेल्या अमोनियाने मरतो, आणि मुलाला सांगितलं जातं की मासे असे फार जगत नाहीत. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा वर्षंसुद्धा जगतो.

कायद्याने हे प्रश्न सुटतील का? थोडे. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2022 पासून कुत्रं किंवा मांजर घेणाऱ्याला आधी एका प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. त्या प्राण्याच्या गरजा आणि खर्च त्यात लिहिलेले असतात, आणि सही केल्यावर सात दिवस उलटल्याशिवाय प्राणी ताब्यात मिळत नाही. 2024 पासून तिथल्या दुकानांत कुत्री-मांजरं विकायलाच बंदी आहे. ती सात दिवसांची अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण तेवढ्यात घरातल्या प्रत्येकाच्या कानावर गोष्ट जाते. आपल्याकडे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही असा नियम आहे, तो किती पाळला जातो हे कोणत्याही पेट शॉपमध्ये डोकावून कळतं. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये.  तेव्हा दंडाच्या भीतीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

‘विचारून दिली तर भेटीतली गंमत काय राहिली?’ असंही म्हटलं जातं. इथे आपल्याच रीतीकडे बघावं. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ज्या जागी घासलं, नेमक्या त्या जागी हळद आणि तूप किंवा तेल लावून खांदा शेकायचा, मळायचा. सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. बैलाला काय हवं, हे त्याच्या अंगावर बघून ठरवलेली ही भेट आहे, आणि ती दरवर्षी ठरलेल्या दिवशी येते म्हणून तिची किंमत कमी होत नाही. त्याच सणात आपण त्याला पुरणपोळ्याही चारतो. त्या प्रमाणाबाहेर गेल्या तर बैलाच्या पोटात आम्ल वाढून तो आजारी पडतो. पशुवैद्य हे पोळ्याच्या सुमाराला सांगत असतात. खांदेमळणीत बैलाची गरज पाहिलेली असते, पुरणपोळीत आपली आवड. घरातही तेच चालतं. वाढदिवसाच्या चॉकलेट केकचा तुकडा कौतुकाने पिल्लाच्या तोंडात घातला जातो आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पण बशी पुढे केल्याशिवाय आपल्याला मांजराचे लाड केल्यासारखं वाटत नाही.

म्हणून प्राणी ज्यांच्या घरी आधीच आहे, त्यांना काय द्यावं याचा विचार जास्त फळतो. कुत्रं असलेल्या कुटुंबाला गावाकडच्या लग्नाला चार दिवस जाता येत नाही, ही त्यांची खरी अडचण. ‘तुम्ही जा, मोती आमच्याकडे राहील’ हे वाक्य कुठल्याही महागड्या बेडपेक्षा मोठी भेट आहे. एकट्या राहणाऱ्या आजींचं मांजर पिशवीत घालून दवाखान्यात नेऊन आणणं, वर्षाच्या लसींचं बिल भरणं, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा कुत्र्याला फिरवायची जबाबदारी घेणं, यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. ज्यांना घरात प्राणी ठेवणं जमणारच नाही, त्यांनी मन मारावं असंही नाही. गल्लीतल्या एका कुत्रीच्या नसबंदीचा आणि रेबीजच्या लसीचा खर्च मुलाच्या वाढदिवसाला उचलता येतो. आश्रयगृहातलं पिल्लू कायमचं घर मिळेपर्यंत महिनाभर सांभाळता येतं, आणि त्या महिन्यात आपल्या घराला हे झेपतं की नाही याचा खरा अंदाजही येतो.

आणि तरीही घरात पिल्लू आणायचंच असेल, मुलगी वर्षभर हट्ट धरून बसली असेल, तर जरूर आणा. फक्त दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या. सकाळचं फिरवणं, रात्रीचं जेवण, फरशी, लस, सुट्टीतली सोय, दर महिन्याचा खर्च असं एकेक काम लिहा आणि त्यासमोर नावं घाला. ज्या नावापुढे सगळ्यात जास्त कामं आली, त्या माणसाला तो कागद दाखवून उत्तर मागा. तिने ‘नको’ म्हटलं, तर विषय तिथेच मिटवा, आणि तो मिटला हे मुलीला सांगायचं काम तिच्यावर ढकलू नका.